देश लांबीने पाहायचा तर

(जांबे, ता. मुळशी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



विषय दिलाय, "कन्याकुमारी ते काश्मीर : देश कसा पाहावा". विषय मोठा आहे, पण सुरुवात तुमच्या स्वयंपाकघरातून करू. ज्यांची घरं वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेली आहेत, त्यांच्या खाली शहाबादी फरशी असेल आणि ओटा कडप्प्याचा असेल. आता सगळीकडे ग्रॅनाइट आणि टाइल्स आल्या, पण जुन्या घरांत हे दोन दगड हमखास असतात. आपण "कडप्पा" म्हणतो, जणू ते दगडाच्या जातीचं नाव आहे. तसं नाही. कडप्पा हे आंध्र प्रदेशातलं गाव आहे, जिल्हा आहे. आणि शहाबाद कर्नाटकात, कलबुर्गीच्या पुढे. पुणे स्टेशनवरून कन्याकुमारीला जी रोजची गाडी जाते, तिच्या वाटेवर ही दोन्ही गावं लागतात. म्हणजे तुमची आजी आयुष्यभर ज्या ओट्यावर भाकरी थापत होती, त्या ओट्यापासून कन्याकुमारीपर्यंत एकच रूळ जातो.

पुणे हे या बाबतीत फार सोयीचं ठिकाण आहे. इथून दक्षिणेला कन्याकुमारी एक्सप्रेस आणि उत्तरेला झेलम एक्सप्रेस. पहिलीचं अंतर सुमारे १,९५० किलोमीटर, दुसरीचं जम्मूपर्यंत सुमारे २,२००. दोन्ही जोडल्या की देशाची जवळजवळ सगळी लांबी झाली. आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरलाही रेल्वे सुरू झाली, चिनाबवरच्या त्या प्रचंड पुलावरून. म्हणजे जांब्याच्या माणसाला आता रुळावरून थेट काश्मीरपर्यंत जाता येतं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून वेळेवर स्टेशनला पोचला, एवढीच काय ती अट.

आता आधी जमीन पाहू, कारण ती खिडकीतून दिसते. माणसं खिडकीतून दिसत नाहीत, त्यांच्याकडे नंतर येतो.

दक्षिणेकडे निघालात की पुणे, दौंड, सोलापूर असा सगळा पट्टा आपल्याच काळ्या कातळाचा आहे. हा लाव्हारसाचा दगड, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सह्याद्रीही त्याचाच आणि आपल्या शेतातली काळी मातीही त्याचीच. कलबुर्गी सोडली की हा कातळ संपतो. शहाबाद-वाडीच्या आसपास रुळांच्या कडेला फरशांच्या थप्प्या दिसायला लागतात. हा चुनखडीचा दगड, पाण्याखाली थरावर थर बसून झालेला, म्हणून तर फरशी इतकी सरळ निघते. आपल्या कातळापेक्षा तो कितीतरी पटींनी जुना. पुढे रायचूर, गुंतकल. तिथे गोल गुळगुळीत शिळांच्या टेकड्या, एकावर एक रचून ठेवल्यासारख्या. तो ग्रॅनाइटचा मुलूख. मग ताडिपत्री, कडप्पा, पुन्हा फरशीचा दगड.

रायचूरच्या अलीकडे गाडी कृष्णा ओलांडते. झोपेत असाल तरी उठा. कारण त्या पुलाच्या थोडं वर भीमा कृष्णेला मिळालेली असते. आपल्या पवनेचं पाणी मुळेला, मुळेचं मुठेला, ते भीमेला आणि भीमेचं कृष्णेला. जांब्याच्या ओढ्यातलं पाणी त्या पुलाखालून बंगालच्या उपसागराकडे चाललेलं असतं. आपण समुद्राच्या इतके जवळ, पण आपला पाऊस देश आडवा ओलांडून पलीकडच्या समुद्रात जातो. (अपवाद मुळशी धरणाचा. ते पाणी बोगद्यातून कोकणात भिऱ्याला उतरवलंय, विजेसाठी. तो इतिहास या तालुक्यात कुणाला सांगायला नको.)

आणि शेवटी कोइंबतूरच्या पुढे पालघाट लागतो. आपल्याला घाट म्हटलं की खंडाळा आठवतो, बोगदे, चढ. इथे तसं काहीच नाही. सह्याद्रीच्या भिंतीत तीस-चाळीस किलोमीटर रुंदीचं खिंडार आहे आणि गाडी त्यातून बिनबोभाट निघून जाते. एका बाजूला कोरडी तमिळ जमीन, तासाभरात दुसऱ्या बाजूला नारळ आणि पाण्याने भरलेली भातखाचरं. आणि तो डोंगर मात्र आपलाच, जो तुम्हाला इथून पावसाळ्यात ढगात बुडालेला दिसतो. तापीपासून कन्याकुमारीपर्यंत साधारण सोळाशे किलोमीटर तो आपल्यासोबत असतो.

उत्तरेबद्दल थोडक्यात सांगतो. झेलममध्ये बसलात तर नद्या मोजा. तापी, मग नर्मदा, दोन्ही पश्चिमेला जाणाऱ्या. नर्मदेनंतर विंध्याचा चढ आणि भोपाळ. भोपाळनंतर पाण्याने दिशा बदललेली असते. बेतवा, चंबळ, सगळं यमुनेकडे निघालेलं. चंबळच्या दोन्ही बाजूंना मातीच्या घळी दिसतात, मैलोन् मैल. आग्र्यानंतर डोंगर नाही, दगड नाही, नुसती गाळाची माती, थेट जम्मूपर्यंत. आपल्या डोळ्यांना डोंगराची इतकी सवय असते की ते सपाट मैदान पहिल्यांदा पाहताना चुकल्यासारखं होतं.

आता भाषा. "पाणी" हा एकच शब्द घ्या. सोलापूरपर्यंत पाणी. रायचूरला नीरु. गुंतकल-कडप्प्याला नीळ्ळु. सेलमला तण्णी. केरळात वेळ्ळम. गंमत अशी, की तमिळमध्ये वेळ्ळम म्हणजे पूर! उत्तरेला भुसावळ ओलांडलं की ण जातो, "पानी" होतं. दिल्लीपर्यंत पानी. आणि पंजाबात शिरलात की परत पाणी, आपल्यासारखं, ण जोरात.

पण तुम्ही हा शब्द ऐकणार कधी? तहान लागल्यावर. कुणाकडे तरी मागितल्यावर. बाटली बॅगेत असेल तर नाही ऐकणार. आज मला जे सांगायचंय ते इथे सुरू होतं. त्यासाठी दोन माणसांकडे जाऊ, ज्यांनी हा देश रेल्वे नसताना किंवा रेल्वेचे पैसे नसताना लांबीने पाहिला.

पहिले विष्णुभट गोडसे. हे नाव बऱ्याच जणांना माहीत आहे. पेणजवळचं वरसई हे त्यांचं गाव. भिक्षुकी करणारं घर, डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार अशी बातमी आली, दक्षिणा चांगली मिळेल, म्हणून काकाला सोबत घेऊन हा तिशीतला माणूस १८५७ साली उत्तरेला निघाला. साल लक्षात घ्या. महूच्या जवळ पोचतात तोवर शिपायांच्या तोंडून बंडाची कुणकुण लागते आणि पुढे सगळं पेटतं. झाशीला वेढा पडतो तेव्हा गोडसे झाशीत आहेत. लूट, कत्तल, सगळं डोळ्यांनी पाहिलं. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी तहानलेली राणी त्यांना भेटते. कित्येकदा लुटले गेले. परत आले ते खिशात फारसं काही न घेता, पण गंगेच्या पाण्याची कावड घेऊन, आईवडिलांना स्नान घालायला. पुढे चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून १८८३ च्या सुमाराला त्यांनी हे लिहून काढलं आणि 'माझा प्रवास' म्हणून ते छापलं गेलं १९०७ साली. इंग्रजी राज्यात असं पुस्तक छापणं सोपं नव्हतं. वैद्यांनी छापताना मजकुरात बराच हातही फिरवला. मूळ बखर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. वाचायचं तर पोतदारांचं वाचा.

पुस्तक अप्रतिम आहे. पण एक गोष्ट बारकाईने बघा. गोडसे जिथे जिथे जातात, उज्जैन, धार, ग्वाल्हेर, झाशी, ब्रह्मावर्त, तिथे त्यांना मराठी बोलणारा माणूस मिळतो. का? कारण शिंदे, होळकर, पवार यांची राज्यं होती आणि झाशीचे नेवाळकरही मूळचे कोकणातले. जेवायला अन्नछत्र, उतरायला ओळखीच्याचा वाडा, कामाला यज्ञ नाहीतर अनुष्ठान. हजारो मैलांचा प्रवास, पण बराचसा आपल्याच लोकांच्या अंगणातून झालेला. हा दोष म्हणून नाही सांगत. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता, आणि तोही ठरावीक जातीच्या पुरुषालाच मोकळा होता. पण आपणही हेच करतो ना? केरळात जातो आणि महाराष्ट्रीय थाळी कुठे मिळते ते शोधतो.

दुसऱ्या व्यक्तीकडे मला जास्त वेळ द्यायचाय. पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर चार ओळी असतात, शारदा सदन, विधवांसाठी कार्य वगैरे. त्यांचा प्रवास त्यात नसतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, गंगामूळचा. गंगामूळ म्हणजे कर्नाटकातला सह्याद्री, तुंगा आणि भद्रा जिथे उगम पावतात तिथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोक उठले आणि हे कुटुंब रानात जाऊन राहिलं. पुढे तीर्थयात्रेला बाहेर पडलं. रमाबाई तेव्हा काही महिन्यांच्या, वेताच्या पेटाऱ्यातून डोंगर उतरलेल्या. त्यानंतर घर असं नाहीच. गावोगाव जायचं, देवळात पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर जगायचं, पुढचं तीर्थ गाठायचं. रमाबाई आईकडून संस्कृत शिकल्या ते चालता चालता. भागवत पाठ.

मग दुष्काळ आला. जवळचं सगळं दान-व्रतांत गेलेलं. भीक मागायची नाही, मजुरी करायची नाही, हा ताठा. रमाबाईंनी स्वतःच पुढे फार कठोर शब्दांत लिहिलंय त्यावर. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. उपासमारीने. आईला उचलायला ब्राह्मण मिळेनात. शेवटी दोघांना दया आली. स्मशान तीनेक मैलांवर. भाऊ आणि ते दोघे खांदा देणार, पण रमाबाई उंचीला लहान, खांदा पुरेना. तिरडीचा कोपरा त्यांनी डोक्यावर घेतला. वय सोळा.

त्यानंतर हे दोघं भाऊबहीण, श्रीनिवास आणि रमा, चालत राहिले. दक्षिणेतून उत्तरेकडे, पार काश्मीरपर्यंत. रमाबाईंच्या सांगण्याप्रमाणे सगळं मिळून चार हजार मैलांहून जास्त, पायी. पंजाबात झेलमच्या काठी ते होते तेव्हा थंडी पडलेली आणि अंगावर पांघरूण नाही. तेव्हा त्यांनी नदीच्या वाळूत दोन खड्डे खणले, त्यात झोपले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. झेलम एक्सप्रेसच्या डब्यात बसाल तेव्हा हे आठवा. गाडी झेलमपर्यंत जात नाही, जम्मूला तवीच्या काठी थांबते, पण नाव त्या नदीचं आहे.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. इतिहासात रमाबाई इथून सुरू होतात. मला वाटतं, त्या चार वर्षं आधीच घडल्या होत्या, रस्त्यावर.

कारण बघा, गोडशांना आणि रमाबाईंना दिसलेला देश एक नाही. गोडशांना राजवाडे, यज्ञ, लढाई दिसली. रमाबाईंना घरांच्या मागच्या बाजू दिसल्या. सात-आठ वर्षांच्या विधवा, घरातून काढलेल्या बायका, तीर्थाच्या ठिकाणी गाठीचे पैसे संपल्यावर माणसाचं काय होतं ते. त्यांना हे दिसलं, कारण त्या स्वतः त्याच उंबऱ्यावर उभ्या होत्या. पाहुणी म्हणून नव्हत्या गेल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. त्याच १८८९ साली त्यांचं अमेरिकेवरचं पुस्तक आलं. त्याचं नाव मला फार आवडतं, 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर!

१८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई उठल्या, तिकडे गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, एकदोन नाही, शेकड्यांनी. त्यांना ठेवायला जागा हवी म्हणून केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० पर्यंत तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं होती. त्यांच्या धर्मांतरावरून पुण्यात केवढा गदारोळ झाला, त्यावर आजही वाद घालता येईल, जरूर घाला. पण भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं, एवढं त्या वादात विसरू नये. आणि योगायोग म्हणजे त्यांनी ही आठवण, आपली 'साक्ष', लिहिली तीही १९०७ मध्ये. गोडशांचं पुस्तक छापलं गेलं त्याच वर्षी.

आता कुणी म्हणेल, मग काय उपाशी फिरायचं? नाही हो. सुखरूप राहूनही हे करता येतं, त्याचं उदाहरण बाबा आमटे. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून त्यांची 'भारत जोडो' यात्रा निघाली, ती काश्मीरपर्यंत. पाच हजार किलोमीटरच्या वर. तरुण मुलं-मुली सायकलवर, आणि बाबा गाडीत आडवे, कारण मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नव्हतं. सत्तरी ओलांडलेली. इंदिरा गांधींची हत्या आणि त्यानंतरच्या दंगली होऊन वर्षच झालेलं, पंजाब धुमसत होता. आणि ही मुलं त्या पंजाबातून सायकलवर गेली. १९८८ ला दुसरी यात्रा, अरुणाचलमधल्या इटानगरपासून गुजरातमधल्या ओख्यापर्यंत, ही देशाच्या रुंदीची. सायकलवर माणूस दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर जातो. म्हणजे रोज संध्याकाळी कुठल्यातरी गावात थांबावंच लागतं, कुणाच्यातरी विहिरीवर हातपाय धुवावे लागतात. वेग कमी असला की गाव टाळता येत नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण इथली कितीतरी पोरं बुलेट घेऊन लडाखला जातात. जा, जरूर जा. पण पंधरा दिवसांत जाऊन येणाऱ्यांना विचारलं, वाटेत कुणाशी बोललात, तर उत्तर येतं, पेट्रोल पंपावाल्याशी आणि हॉटेलवाल्याशी. बुकिंग फोनवर, रस्ता फोनवर, पैसे फोनवर. कुणालाच काही विचारायची गरज पडत नाही. खिंडीचा फोटो येतो, पण खिंडीत रस्ता दुरुस्त करणारा मजूर कुठला, ते माहीत नसतं. तिथले बरेच मजूर झारखंडचे असतात, घरापासून तुमच्याइतकेच लांब आलेले.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. गाडी स्लीपरची घ्या, एसीची नको. एसीची काच बंद असते, समोरचा माणूस कानात इअरफोन घालून पडदा ओढून घेतो. स्लीपरमध्ये डबा उघडला की शेजारी विचारतोच, काय आणलंय. दुसरं, सलग जाऊ नका. एक तिकीट कन्याकुमारीचं काढण्यापेक्षा दोन तुकडे करा. मधे रायचूरला उतरा, किंवा झाशीला, जिथे तुमचं कुणी नाही अशा ठिकाणी. एक दिवस राहा. तिथल्या भाषेत चार शब्द शिकून जा, पाणी, जेवण, किती, आणि "बरं झालं". पाचवा शब्द तिथली माणसं शिकवतील.

मघाशी मागे बसलेल्या एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय, "मुलींना असं एकटं पाठवावं का?" ताई, काळजी खरी आहे, ती मी खोडून काढणार नाही. पहिल्यांदा दोघी-तिघींनी मिळून जावं, दिवसाउजेडी उतरेल अशी गाडी निवडावी, उतरण्याचं ठिकाण आधी ठरवावं. पण न पाठवणं हे उत्तर नाही. दीडशे वर्षांपूर्वी एक मुलगी डोंगरातून पेटाऱ्यातून निघाली आणि काश्मीर चालत गाठलं. आपल्या मुलींकडे निदान आरक्षण केलेला बर्थ आहे.

आणि जाण्याआधी एक काम इथेच करता येईल. जांबे, मारुंजी, हिंजवडी, या सगळ्या पट्ट्यात ज्या इमारती उभ्या राहतायत, त्यांच्या सळया बांधणारी माणसं बिहारची आहेत, ओडिशाची, बंगालची, छत्तीसगडची. तुमच्यापैकी काहींच्या खोल्यांत भाड्याने राहतात. भाडं घ्यायला जाल तेव्हा विचारा, गाव कुठलं, तिथली नदी कुठली, घरी जायला किती गाड्या बदलायच्या. ही माणसं वर्षातून एकदा तरी देशाचा बराचसा भाग ओलांडतात, बहुतेक वेळा जनरलच्या डब्यात उभ्याने. प्रवासाबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पुढच्या व्याख्यानाला त्यांच्यापैकी कुणाला इथे उभं केलंत तर मी समोर बसून ऐकेन.

ज्यांना लगेच रजा मिळणार नाही, त्यांनी एखाद्या रविवारी पुण्याहून दौंडची लोकल धरावी. केडगाव त्याच मार्गावर आहे, कन्याकुमारीच्या रुळावरच, आणि रमाबाईंनी उभी केलेली संस्था तिथे अजून चालू आहे. लोकल तिथे थांबते.